माझ्या शब्दावरची भाजी

माझा धाकटा भाऊ बेळगावच्या उद्यमबाग वसाहतीतल्या एका फाउंड्रीत बरीच वर्षं होता. त्याला कुणी काढलं नाही. त्याचा त्यालाच एक दिवस भट्टीसमोर उभं राहवेना, म्हणून तो नोकरी सोडून हिंडलग्याला आमच्या दीड एकरात उतरला. रासायनिक खत घालायचं नाही, औषध मारायचं नाही, तरीही भाजी काढून दाखवायची, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. आमच्याकडं किडीवर मारायच्या विषाला औषधच म्हणतात. धारवाडला जाऊन तो पाच दिवस शिकून आला, एक देशी गाय बांधली, आणि शेण, गोमूत्र, गूळ, बेसन कालवून जीवामृताचं पिंप रोज सकाळी काठीनं ढवळायला लागला. भावकीतली माणसं हसली. मी हसले नाही. मी त्याच्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. तो माझ्याच कडेवर वाढलेला.

मी बेळगावातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. सासर वडगावचं, घरी दोन यंत्रमाग, नवरा साड्या विणतो. भावाची भाजी निघायला लागली तशी मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी मी स्कूटर घेऊन हिंडलग्याला जायला लागले. त्यानं भरून ठेवलेल्या पिशव्या पायाशी आणि मागच्या सीटवर बांधून कॉलेजवर आणायची आणि स्टाफरूमच्या कोपऱ्यात मांडायची. आधी दोघीतिघी घ्यायच्या, मग बारा-तेरा घरं झाली. कुणी विचारलंच, "खरंच बिनऔषधाची आहे का हो?" तर मी म्हणायची, "माझ्या भावाच्या शेतातली आहे." एवढ्यावर लोकांचं समाधान व्हायचं. मला ते फार आवडायचं, हे आज कबूल करते. पुस्तकांवर शिक्के मारणाऱ्या बाईच्या शब्दाला स्टाफरूममध्ये किंमत आली होती.

मग रसायनशास्त्राला एक नवीन मॅडम आल्या. धारवाडच्या, घरी कन्नड, पण मराठी अगदी नीट बोलायच्या. त्यांची मुलगी चार वर्षांची. तिच्या मूत्रपिंडाचं काहीतरी दुखणं होतं आणि डॉक्टरांनी खाण्यापिण्यात फार जपायला सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी फ्लॉवरचा गड्डा हातात घेतला, उलटा केला, पानं बाजूला सारून आत पाहिलं आणि मला विचारलं, "मॅडम, हे सेंद्रिय आहे हे तुम्हाला कसं कळतं?"

"माझा भाऊच पिकवतो."

"ते बरोबर. पण तुम्हाला कसं कळतं?"

मला राग आला. मी म्हटलं, "माझा विश्वास आहे."

"माझाही बसेल," त्या म्हणाल्या. "मी संशय घेते असं समजू नका. पण लेकीच्या ताटात वाढायचं तर मला माहीत असायला पाहिजे. विश्वास वेगळा आणि माहीत असणं वेगळं." एवढं बोलून त्यांनी पिशवी घेतली. पुढच्या प्रत्येक मंगळवारी-शुक्रवारी घेत राहिल्या. पण त्यांचा प्रश्न माझ्या मागं लागला तो लागलाच.

तो ऑगस्ट होता. आमच्याकडचा ऑगस्ट म्हणजे पाऊस थांबायचं नाव घेत नाही, रानात चिखल, हवेत ओल. मी शेतकऱ्याच्या घरात वाढलेली. असल्या हवेत कोबी-फ्लॉवरवर अळी पडते, पानांची चाळण होते. पहिल्या वर्षी भावाच्या कोबीची तशी चाळण झालेलीच होती. त्या वर्षी मात्र गड्डे कसे चकचकीत, पांढरेशुभ्र. एका शुक्रवारी घरी आल्यावर मी कोबीचं एकेक पान सोडवून उजेडासमोर धरलं. एकसुद्धा भोक नव्हतं. आतली पानं पुन्हा पुन्हा हुंगली. वास आला असं वाटायचं, पुन्हा हुंगलं की नाही वाटायचं. नवरा मागावरून उठून पाणी प्यायला आत आला आणि दारातच थांबला.

"काय करालीस गं?"

"काय न्हाय. कोबी बघालोय."

"बघून भाजी शिजत न्हाय," असं म्हणून तो गेला. माग पुन्हा खडखडायला लागले. एरवी त्या आवाजात मला छान झोप लागते, पण त्या दिवसांत तो आवाज डोक्यात शिरून बसायचा. मी स्वयंपाकघरातून ओसरीवर, ओसरीवरून पुन्हा आत अशा फेऱ्या मारायची.

रविवारी न सांगताच हिंडलग्याला गेले. भाऊ घरी नव्हता. त्याची बायको भाकरी थापत होती. मला बघून ती दचकली, का मलाच तसं वाटलं, कोण जाणे. "आक्का, आज कशा काय आलासा? आज भाजीचा दिवस न्हाय की." मी म्हटलं, सहज आले. ती चहा ठेवायला आत वळली तशी मी मागच्या दारानं रानात गेले. सख्ख्या भावाच्या रानात मी चोरासारखी फिरत होते.

गोठा रिकामा होता. गाय लंपीच्या रोगानं गेली होती, ते मला माहीत होतं. शेण-गोमूत्र शेजारून आणतो असं त्यानं सांगितलं होतं. जीवामृताचं पिंप आंब्याखाली उभं होतं. मी झाकण उचललं. तळाला वाळलेला काळा थर, त्याला भेगा पडलेल्या, आणि कडेला कोळ्याचं जाळं. महिनाभरात त्यात काही कालवलेलं नव्हतं. पाण्याच्या मोटारीच्या खोलीच्या दाराला कुलूप होतं. त्या दाराला कुलूप मी जन्मात पाहिलं नव्हतं. दाराच्या फटीला नाक लावलं आणि तो वास आला. वडील होते तेव्हा औषध मारून आले की अंगाला यायचा तोच तिखट, घशाला धरणारा वास.

परत येऊन मी चहा प्याले. भावजय पोरांच्या शाळेचं काहीबाही सांगत राहिली, मी व्हय व्हय म्हणत राहिले. दोघीही एकमेकींच्या तोंडाकडं बघत नव्हतो.

भावाला थेट विचारायचं सोडून मी जे केलं ते सांगायला आजही जड जातं. पुढच्या शुक्रवारच्या पिशवीतला एक फ्लॉवर आणि एक कोबी कागदात गुंडाळून मी शनिवारी रजा टाकली आणि कोल्हापूरची बस धरली. तिथं भाजीतल्या औषधाचा अंश तपासून देतात, हे रसायनशास्त्राच्या मॅडमच एकदा बोलता बोलता म्हणाल्या होत्या. नवऱ्याला मात्र मी खरं सांगितलं. तो म्हणाला, "भाऊ हिंडलग्याला हाय आणि तू चाललीस कोल्हापूरला. त्येलाच विचार की."

"विचारलं आणि न्हाय म्हणाला तर?"

"मग झालं की!"

"त्येनं न्हाय म्हटलं तर मला खरं वाटंल का, तेच मला कळंना झालंय," मी म्हटलं.

बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसले. संकेश्वर गेलं, निपाणी आली. तिथं शेजारी एक म्हातारी येऊन बसली आणि पिशवीत डोकावून म्हणाली, "फ्लॉवर लई झ्याक हाय बाई. पावण्याकडं चाललीस व्हय?" मी मान हलवली. कोगनोळीच्या टोलनाक्यावर गाड्यांची रांग लागली होती, बस अर्धा तास हलली नाही. खाली उतरून पहिल्या बसनं मागं फिरावं, असं मला तीन वेळा वाटलं. तिसऱ्यांदा तर मी उठलेही. कंडक्टर म्हणाला, "बाई, बसा की. आता सुटंल." मी बसले.

प्रयोगशाळेतल्या मुलीनं फॉर्म पुढं सरकवला. नमुना कुणाच्या शेतातला, असा एक रकाना होता. मी पेन धरून कितीतरी वेळ थांबले आणि मग स्वतःचं नाव लिहिलं.

निकाल पुढच्या गुरुवारी फोनवर आला. इंग्रजीत लांबलचक यादी, आणि तिच्यात दोन ओळी ठळक. मला नावं वाचता येत होती, अर्थ लागत नव्हता. पण एका ओळीपुढं जो आकडा होता तो शेजारच्या मर्यादेच्या आकड्यापेक्षा मोठा होता, एवढं कळायला रसायनशास्त्र लागत नाही.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मी हिंडलग्याला गेले. भावानं नेहमीसारख्या पिशव्या भरून ठेवल्या होत्या. तो म्हणाला, "आक्का, आज फ्लॉवर लई छान आलाय बघ." मी पिशव्या बांधल्या, कॉलेजवर आणल्या आणि वाटल्या. सगळं माहीत असताना वाटल्या. हात आपोआप चालत होते. कुणी हसून बोललं, त्यांना मी हसून उत्तर दिलं. फक्त रसायनशास्त्राच्या मॅडम आल्या तेव्हा मी त्यांची पिशवी टेबलाखाली पायानं आत सारली आणि म्हटलं, "आज तुमच्यापुरती भाजी आली नाही."

त्यांनी टेबलाकडं पाहिलं. तिथं चार पिशव्या अजून उभ्या होत्या. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. तास संपल्यावर त्या ग्रंथालयात आल्या, माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "काय झालंय?"

मी फोन त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी वाचलं. दोन्ही कीटकनाशकं कुठली ते सांगितलं. एक मर्यादेच्या आत होतं, दुसरं बाहेर. मला वाटलं आता ओरडतील. त्या एवढंच म्हणाल्या, "आज माझ्या मुलीला दिली नाहीत, आभार. पण बाकीच्यांना दिलीत."

त्या वाक्यानं मी जी उठले ती घरी न जाता सरळ रानात गेले. भाऊ मुळ्याचे वाफे बांधत होता. मी बांधावरूनच म्हटलं, "मोटारीच्या खोलीची किल्ली दे."

त्यानं खोरं खाली ठेवलं. किल्ली काढली नाही. "तुला कुणी सांगितलं?"

"कोल्हापूरला तपासून आणलोय."

"तपासून? माझी भाजी तू तपासून आणलीस?" त्याचा चेहरा पडला तो मी विसरणार नाही. चोरी सापडल्यापेक्षा, मी त्याला न विचारता गेले, हे त्याला जास्त लागलं होतं. "मला एकदा इचारायचं न्हाईस व्हय गं, आक्का?"

"इचारलं असतं तर खरं सांगितलं असतास?"

तो बांधावर बसला. मीही बसले. मग तो बोलायला लागला. "गाय गेली. शेजारचा शेण द्यायला कुरकुर करायला लागला. त्यात पाऊस. एका आठवड्यात सगळा प्लॉट अळीनं धरला. निंबोळीचा अर्क मारलो, पाऊस पडला, धुऊन गेली. परत मारलो, परत धुऊन गेली. म्हटलं एकदाच औषध मारू आणि सुटू. एकदाच म्हणून मारलो. मग दुसऱ्यांदा मारताना काय वाटलं न्हाय."

"मला सांगायचं होतास. भाजी न्हाय म्हणून सांगितलं असतं लोकांना."

तेव्हा त्यानं माझ्याकडं बघितलं. "सांगितलं असतंस? पयल्या वर्षी पानाला भोकं पडलीती तवा तूच म्हणालतीस, स्टाफरूममधी लोक नाक मुरडत्यात, जरा बरी निवडून दे. एकदा पिशव्या कमी दिलो तर म्हणालतीस, माझी अब्रू जाती. इसरलीस?"

विसरले नव्हते. दोन्ही वाक्यं मी बोलले होते. स्कूटर चालू ठेवून, घाईत, हातात पिशव्या घेऊन बोलले होते. मला कॉलेजवर मांडायला सुंदर भाजी पाहिजे होती आणि ती बिनऔषधाचीही पाहिजे होती. पावसाळ्यात या दोन गोष्टी एका वाफ्यात येत नाहीत, हे मला नाही तर कुणाला माहीत असायला पाहिजे होतं? पण त्यानं चोरून मारलं ते मारलंच. माझ्या बोलण्यानं त्याचं करणं धुऊन निघत नव्हतं, आणि त्याच्या करण्यानं माझं शुक्रवारचं वागणंही.

"मंगळवारी लोकांना सांगायला पाहिजे," मी म्हटलं.

"तू सांग."

"न्हाय. तूच ये."

तो आला. धुतलेला पांढरा शर्ट घालून, केसाला तेल लावून, एखाद्या मुलाखतीला यावं तसा. भाजी नव्हती. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये सगळे डबे उघडून बसले होते. तो दाराशीच उभा राहिला आणि म्हणाला, "मी गेल्या महिन्यात कोबी आणि फ्लॉवरला औषध मारलोय. तुम्हाला बिनऔषधाची म्हणून दिलो. चूक माझी हाय." मी त्याच्या शेजारी उभी होते. माझी पाळी आली तेव्हा म्हटलं, "शुक्रवारी मला ठाऊक होतं, तरी मी वाटली."

इतिहासाच्या सरांनी डबा बंद केला आणि म्हणाले, "सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. निदान आनंदानं खात होतो." एक मॅडम उठून बाहेर गेल्या. त्या पुढं वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत. ग्रंथालयात पुस्तक घ्यायला आल्या तरी शिपायाकडून घ्यायच्या. एकजण म्हणाले, बाजारात तरी कोण खरं सांगतंय, आम्ही घेतो. पण घेतली नाही. त्या आठवड्यात बारा-तेरा घरांपैकी तीन उरली.

भाऊ त्यानंतर दिवाळीपर्यंत माझ्याशी धड बोलला नाही. भाऊबीजेला आला, ओवाळून घेतलं, पानावर बसला, जेवला आणि गेला. मीही त्याला थांब म्हटलं नाही. नवरा मध्ये पडून काहीतरी गमतीचं बोलायचा प्रयत्न करत होता, ते आणखीच वाईट वाटत होतं.

गोष्ट पुढं सरकवली ती रसायनशास्त्राच्या मॅडमनी. डिसेंबरातल्या एका रविवारी त्या लेकीला घेऊन थेट हिंडलग्याच्या रानात उभ्या राहिल्या, मलाही न सांगता. भावानंच नंतर मला फोन केला. कितीतरी दिवसांनी केलेला पहिला फोन. "आक्का, तुझ्या त्या मॅडम आल्यात. काय सांगू त्यांना?"

"इचारतील ते सांग."

त्यांनी पुष्कळ विचारलं. पाणी कुठनं येतं, बी कुठलं, शेजारचा काय मारतो, पाच दिवसांत शिकलेलं काय आठवतंय. मग एक वही मागितली. पोरांची शाळेची जुनी वही होती, तिची मागची पानं कोरी होती. त्यांनी सांगितलं, जे जे माराल ते यात लिहायचं. निंबोळी असो, ताक असो, औषध असो. कुठल्या वाफ्यावर, कुठल्या दिवशी. आणि वही फाटकाला टांगायची, येईल त्यानं वाचायची. "औषध मारायचंच नाही, असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "मारलंत तर लिहा. मग घ्यायचं की नाही, ते मी ठरवेन."

भावाला ते आधी अपमानासारखं वाटलं. पण त्यानं लिहायला सुरुवात केली. जानेवारीत त्यानं एक कालवड आणली. पिंप धुतलं. मोटारीच्या खोलीचं कुलूप काढलं आणि औषधाच्या उरलेल्या बाटल्या शेजाऱ्याला दिल्या. त्या फेकाव्यात कुठं, हे त्याला कळेना आणि मलाही. पुढं गावातल्या आणखी चार शेतकऱ्यांबरोबर त्यानं गट केला. आता ते एकमेकांची रानं येऊन तपासतात आणि सेंद्रिय शेतीच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज केलाय. ते मिळायला अजून अवकाश आहे.

मला मात्र पूर्वीसारखी स्वस्थता आलेली नाही. आता दहाएक घरं पुन्हा घेतात, पण मी "माझ्या भावाची भाजी" असं म्हणत नाही. "फाटकाला वही आहे, जाऊन वाचा," म्हणते. बहुतेकजण जात नाहीत. माझ्या तोंडाकडं बघून पिशवी उचलतात, आणि मला आतून काहीतरी टोचतं. दर शुक्रवारी मी आधी पिंपाचं झाकण उचलते, मग वही चाळते. भाऊ बघत असतो. एकदा म्हणाला, "बघ बघ, बारीक बघ." त्यात राग होता की थट्टा, मला कळलं नाही.

परवाच्या शुक्रवारी मी पोचले तेव्हा तो बांधावर उभा राहून ओरडत होता. पलीकडच्या रानात शेजारी पाठीवर पंप घेऊन मिरचीला फवारत होता आणि वारं आमच्या बाजूला येत होतं. बांधाजवळच्या मेथीवर बारीक धुकं उतरत होतं.

"अण्णा, जरा थांबा की! वारं पडू द्या!"

"माझ्या मिरचीला चुरडामुरडा झालाय, पानं वळालीत, मी थांबू व्हय?" पलीकडून उत्तर आलं. "वारं काय माझ्या हातात हाय?"

भाऊ फाटकाकडं गेला, वही काढली आणि लिहिलं: शेजारून फवारा आला, बांधाकडची मेथी, चार वाफे. भरून ठेवलेल्या पिशव्यांतून त्यानं मेथीच्या जुड्या एकेक करून बाहेर काढल्या. पिशव्या अर्ध्या झाल्या.

"एवढीच नेतीस न्हवं?" त्यानं विचारलं.

"नेते," मी म्हटलं.

स्टाफरूममध्ये तीन-चारजणींनी विचारलं, आज एवढीशीच का? मी प्रत्येकीला मेथीचं सगळं सांगितलं. एक म्हणाली, थोडा फवारा उडाला तर काय होतंय, आणायची की. रसायनशास्त्राच्या मॅडमनी पिशवीतून बीट बाहेर काढलं, हातात घेऊन विचारलं, "हे बांधापासून किती लांब?"

"विहिरीच्या बाजूचं आहे. दुसऱ्या टोकाला."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग बीटाकडं. बीट पिशवीत ठेवलं, मुळाही राहू दिला, कोथिंबीर मात्र तिच्या पानांवरून बोट फिरवून बाहेर काढून टेबलावर ठेवली आणि तासाला निघून गेल्या.